गावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बनलेला हा भोंगा ऐंशी वर्षांनंतरही जगभरात विकला जातोय

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. हायवेवरून बघितलं तर नुसत्या शेड दिसतात. आत काय बनतं याचा पत्ता लागत नाही. पण गाडीच्या इंजिनातल्या कॅमशाफ्टपासून केमिकलपर्यंत बराच माल इथून थेट परदेशात जातो. तरीही इथल्या पोराचा डिप्लोमा झाला की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, पुण्याला कधी जाणार? मोठं काही करायचं तर मोठ्या शहरातच, हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय.

आजची गोष्ट या समजाला छेद देणारी आहे.

ती आहे अमेरिकेतल्या एका इंजिनियरची. वस्ती दहा हजारांच्या आसपास, नाव कलिंगडांसाठी प्रसिद्ध, अशा एका गावात त्याने पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना टाकला. बनवायला काय घेतलं? तर घरात गाणी ऐकायचा स्पीकर. तोही साधासुधा नाही, भोंग्याचा. म्हणजे हॉर्न लाऊडस्पीकर.

माणसाचं नाव पॉल विल्बर क्लिप्श. स्पीकरचं नाव क्लिप्शहॉर्न. १९४६ साली कंपनी सुरू झाली आणि हा स्पीकर आजही बनतोय.

आता तुम्ही म्हणाल, भोंगा आणि तोही घरात? आपल्याला भोंगा माहितीय तो प्रचाराच्या रिक्षावरचा, नाहीतर जत्रेतल्या खांबावरचा. त्याचा आवाज लांब जातो हे खरं, पण त्याच्यावर किशोरी आमोणकर ऐकायच्या म्हटलं तर कोण तयार होईल?

हाच तर सगळा विषय आहे.

बाप गेला, गाव सुटलं, पण रेडिओचं वेड सुटलं नाही

पॉलचा जन्म ९ मार्च १९०४ चा, इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टचा. वडील ऑस्कर क्लिप्श पर्ड्यू विद्यापीठात इंजिनियरिंग शिकवायचे. पॉल बारा वर्षांचा असताना वडील वारले. पुढे घर टेक्सासमधल्या एल पासोला गेलं.

पोराला दोन नाद होते. एक रेल्वेचा आणि दुसरा आवाजाचा. १९१९ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याने कानाला लावायचे हेडफोन घेतले, पोस्टाने कागद पाठवतात ती पुठ्ठ्याची नळी घेतली आणि दोन्ही जोडून आपला पहिला लाऊडस्पीकर तयार केला. अमेरिकेत रेडिओ केंद्राचं ठरावीक वेळेचं प्रसारण सुरू व्हायला तेव्हा अजून एक वर्ष बाकी होतं. म्हणजे ऐकायला धड स्टेशन नव्हतं आणि याचा स्पीकर तयार होता.

पुढे न्यू मेक्सिकोच्या कॉलेजातून १९२६ साली त्याने इलेक्ट्रिकल इंजिनियरची पदवी घेतली. कॉलेजच्या बँडमध्ये तो कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे आपल्या बँडवाल्यांकडे असतं तसं पितळी वाद्य. एका टोकाला फुंकायचं, नळी गुंडाळत गुंडाळत जाते आणि दुसऱ्या टोकाला फुलासारखी उघडते. हे वाद्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारंय.

चिलीतली रेल्वे, टेक्सासमधलं तेल

पदवीनंतर क्लिप्श यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी धरली. पण १९२८ साली ते थेट दक्षिण अमेरिकेत, चिलीला गेले. तिथल्या वाळवंटात नायट्रेटच्या खाणी होत्या आणि माल बंदरावर न्यायला विजेवरची रेल्वे होती. तिची इंजिनं सांभाळायचं काम यांच्याकडे आलं. लहानपणीचा रेल्वेचा नाद असा पुरा झाला.

१९३१ च्या सुमारास ते परत आले आणि स्टॅनफर्डमध्ये पुढचं शिक्षण घेतलं. मग टेक्सासमध्ये जमिनीखालचं तेल शोधणाऱ्या एका कंपनीत भूभौतिक तज्ज्ञ म्हणून लागले. तिथलं काम म्हणजे जमिनीत हादरा द्यायचा, खालून परत येणाऱ्या लहरी मोजायच्या आणि त्यावरून पोटात काय दडलंय ते ओळखायचं. थोडक्यात, दिवसभर लहरींशीच खेळ.

आणि संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा तोच खेळ. त्यांना घरात असा आवाज हवा होता की समोर खराखुरा वाद्यवृंद बसलाय असं वाटावं. त्या काळातल्या स्पीकरमधून तो निघत नव्हता.

अडचण नेमकी काय होती?

हे समजून घ्यायला थोडं विज्ञान बघू.

साध्या स्पीकरमध्ये कागदाचा पडदा पुढेमागे हलतो आणि हवेला ढकलतो. पण हवा फार हलकी असते. पडदा ढकलतो आणि हवा बाजूने निसटते. मोकळ्या हवेत हात हलवून वारा घालायचा प्रयत्न करा, तसंच काहीसं. त्यामुळे स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम एखादा टक्का आवाजात बदलतो. बाकीची उष्णता होऊन जाते.

आता लांबच्या माणसाला हाक मारताना आपण काय करतो? दोन्ही हात तोंडाभोवती धरतो. तो झाला भोंगा. पडद्यापुढे अरुंद तोंडाची आणि हळूहळू रुंद होत जाणारी नळी लावली की हवेला निसटायला जागा राहत नाही. पडद्याचा जोर टप्प्याटप्प्याने बाहेरच्या हवेपर्यंत पोचतो. सायकलचा गिअर जे काम चढावर करतो, तेच भोंगा इथे करतो. तुतारीचं आणि सनईचं तोंड शेवटी फाकलेलं असतं, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

मग अडलं कुठे? तर बासमध्ये.

आवाज जितका खर्जातला, तितकी त्याची लहर लांब. सेकंदाला ३५ कंपनं असलेल्या आवाजाची एक लहर जवळपास ३२ फुटांची होते. ती नीट बाहेर सोडायची तर मोकळ्या जागेत भोंग्याच्या तोंडाचा घेर साधारण तेवढाच लागतो. म्हणजे तोंड दहा फूट व्यासाचं, शिवाय नळीही लांबलचक. एवढा भोंगा घरात ठेवायचा तर आधी घरातल्या माणसांना बाहेर काढावं लागेल.

रिक्षावरचा भोंगा किरकिरतो त्याचंही कारण हेच. तो लहान असतो, माणसाचं बोलणं समजावं एवढ्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे त्याच्यात खर्ज येतच नाही. दोष भोंग्याच्या तत्त्वाचा नाही, मापाचा आहे.

सिनेमा थिएटरमध्ये जागा असते, तिथे मोठे हॉर्न तेव्हाही होते. प्रश्न घराचा होता.

उत्तर कोपऱ्यात होतं

क्लिप्श यांनी हेरलेली गोष्ट तशी सोपी आहे. स्पीकर खोलीच्या मधे ठेवला तर आवाज चहूकडे पसरतो. जमिनीवर ठेवला की पसरायची जागा निम्मी होते. भिंतीला टेकवला की आणखी निम्मी आणि कोपऱ्यात सरकवला की पुन्हा निम्मी. म्हणजे कोपऱ्यात जागा उरते आठवा हिस्सा. मग भोंग्याचं तोंडही आठवा हिस्सा पुरतं. हिशेब केला तर सुमारे ऐंशी चौरस फुटांचं तोंड दहा चौरस फुटांवर येतं.

राहिला प्रश्न लांबीचा. इथे कॉर्नेट आठवा. नळी सरळच असली पाहिजे असं कुठे लिहिलंय? क्लिप्श यांनी लाकडी कपाटाच्या पोटात ती दुमडली. पंधरा इंची स्पीकर आत बंद. त्याचा आवाज पुढच्या फटीतून निघतो, वर-खाली वळतो, मागे जातो आणि शेवटी कपाटाच्या दोन्ही अंगांनी बाहेर पडतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. भोंग्याचा शेवटचा भाग त्यांनी बनवलाच नाही. खोलीच्या दोन भिंती आणि फरशी, हाच शेवटचा भाग. घरच अर्धा स्पीकर झालं.

उरलं ते कपाट सव्वाचार फुटांच्या आसपास उंच आणि अडीच फुटांच्या आसपास रुंद. वजन मात्र पाऊण क्विंटलच्या पुढे. खर्जाचा भोंगा खाली, मधल्या आणि वरच्या सुरांसाठी छोटे हॉर्न वर.

१९४० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९४१ मध्ये ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात निबंध छापला आणि १९४३ च्या फेब्रुवारीत पेटंट हातात आलं.

युद्धामुळे गाव सापडलं

मधल्या काळात दुसरं महायुद्ध पेटलं होतं. क्लिप्श लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागात गेले आणि त्यांची नेमणूक झाली आर्कान्सा राज्यातल्या होप या गावाजवळ. तिथे तोफगोळे आणि बॉम्ब तपासायचं मोठं केंद्र उभं राहिलं होतं.

दिवसा दारूगोळ्याची चाचणी आणि रात्री अधिकाऱ्यांच्या वसाहतीतल्या घरात स्पीकरची. येणारा-जाणारा ऐकून थक्क व्हायचा. अशाच एका पाहुण्याने या वस्तूला क्लिप्शहॉर्न म्हणायला पाहिजे असं सुचवलं आणि तेच नाव कायम झालं.

युद्ध संपलं. क्लिप्श चाळिशी ओलांडलेले. हातात इंजिनियरची पदवी, स्टॅनफर्डचा शिक्का, तेलकंपनीचा अनुभव. ह्यूस्टनला परत जाऊन चांगल्या पगाराची नोकरी धरणं हा सरळ रस्ता होता.

ते होपमध्येच राहिले. १९४६ साली क्लिप्श अँड असोसिएट्स नावाने कंपनी काढली. नावात असोसिएट्स होतं, पण पहिला कामगार नेमायला १९४८ साल उजाडलं. पहिले १२ स्पीकर बांधून घेतले ते पियानो बनवणाऱ्या बाल्डविन कंपनीकडून. कारण बाहेरून हे फर्निचर दिसत असलं तरी आतल्या प्रत्येक फळीचा कोन आणि प्रत्येक सांधा आवाजावर परिणाम करत होता. पुढे काम होपमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालं आणि मग लष्कराच्या केंद्रातल्या जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या इमारतीतही.

योगायोग बघा, ज्या १९४६ साली कंपनी निघाली, त्याच वर्षी त्याच होप गावात बिल क्लिंटन जन्मले. म्हणजे गावाने एका वर्षात दोन नावं जगाला दिली.

मग बाजार उलटा फिरला

सुरुवातीला भोंग्याची बाजू भक्कम होती. त्या काळचे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर महाग आणि ताकदीला बेताचे. घरी पाच-दहा वॉट असले तरी पुष्कळ. आजच्या क्लिप्शहॉर्नचं रेटिंग १०५ डेसिबल सांगतात. घरगुती छोटा स्पीकर ८७ च्या आसपास असतो. आकड्यात फरक १८ चा दिसतो, पण त्याचा अर्थ असा की भोंगा एका वॉटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला छोट्या स्पीकरला साठहून जास्त वॉट लागतात.

पण १९५४ मध्ये एडगर विल्चर यांच्या कंपनीने छोट्या बंद पेटीतून खोल बास काढून दाखवला. ही पेटी वीज जास्त खायची, पण शेल्फवर मावायची. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड आल्या. आता एकाऐवजी दोन स्पीकर हवेत. म्हणजे क्लिप्शहॉर्नवाल्याला दोन मोकळे कोपरे हवेत! त्यानंतर ट्रान्झिस्टर आले, वॉट स्वस्त झाले आणि भोंग्याचा मोठा फायदाच लोकांना बिनमहत्त्वाचा वाटायला लागला.

गावातला छोटा कारखाना अशा वेळी बंदच पडायचा. क्लिप्श यांनी दोन गोष्टी केल्या.

पहिली, लहान मॉडेल काढली. त्याआधीच छोटा शॉर्टहॉर्न आला होता. तो किटच्या स्वरूपातही मिळायचा, हौशी माणसाने घरी जोडावा म्हणून. १९५७ मध्ये दोन कोपऱ्यांच्या मधल्या पोकळीसाठी लहान स्पीकर काढला. आयुष्यभर कोपऱ्याचा धर्म सांगणारा माणूस कोपऱ्याविना चालणारा स्पीकर विकतो म्हणजे हे पाखंडच, अशी कोणीतरी टिप्पणी केली. क्लिप्श यांनी नावच ठेवलं हेरेसी, म्हणजे पाखंड. १९६३ मधल्या ला स्कालाचा जन्म तर निवडणुकीसाठी झाला. आर्कान्साच्या गव्हर्नरपदासाठी उतरलेल्या विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या प्रचाराला नेता-आणता येईल असा स्पीकर हवा होता. म्हणजे प्रचाराचा भोंगा तिकडेही होताच! १९७१ मध्ये आलेल्या मॉडेलला त्यांनी पत्नीचं नाव दिलं, बेल क्लिप्श.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मूळ तत्त्व सोडलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, वॉट स्वस्त झाले म्हणून विषय संपत नाही. छोट्या पेटीत बास काढायचा तर पडदा खूप पुढेमागे हलतो. त्याच पडद्यावर गाणाऱ्याचा आवाजही असेल तर तो सूर डळमळतो. स्टेशनवरून शिट्टी वाजवत जाणाऱ्या गाडीचा सूर जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता लागतो, त्यातलाच हा प्रकार. भोंग्यात पडद्याला फार कमी हलावं लागतं, म्हणून ही गडबडही कमी. या विकृतीच्या मोजमापावर त्यांनी पुढे बरेच निबंध लिहिले. १९७८ मध्ये ऑडिओ इंजिनियरिंग सोसायटीने त्यांना रौप्यपदक दिलं.

जाहिरातबाजीचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. कोटाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला ते पिवळा बिल्ला लावायचे. त्यावर शुद्ध थापा अशा अर्थाचा इंग्रजीतला शिवराळ शब्द छापलेला. समोरचा आकडेवारीशिवाय फेकायला लागला की कॉलर उलटायची आणि बिल्ला दाखवायचा. वाद संपला.

आपल्या घरी हॉर्न बसवायचा झाला तर?

क्लिप्श यांच्या आयुष्यातून इथे कामाला येणारं बरंच काही आहे.

सगळ्यात आधी खोली बघा, स्पीकर नंतर. कोपऱ्याच्या हॉर्नला एकाच भिंतीचे दोन कोपरे लागतात आणि प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही अंगांना तीन-चार फूट सलग, भक्कम भिंत. तिथे दरवाजा, खिडकी किंवा पोकळ पार्टिशन असेल तर बास तिथूनच निसटणार. आपल्याकडच्या विटांच्या जाड भिंती या कामाला उत्तम. कोपरेच नसतील तर कोपऱ्याचा हट्ट धरू नका. २०१९ नंतरच्या क्लिप्शहॉर्नची तर पाठही बंद केलेली आहे, त्यामुळे तो भिंतीला घट्ट चिकटवावा लागत नाही.

बांधायला घेतला तर स्पीकर आधी ठरवा, पेटी नंतर. भोंग्याचं माप त्या ठरावीक स्पीकरच्या हिशेबाने काढलेलं असतं. नकाशा एकाचा आणि स्पीकर दुसऱ्याचा बसवला की प्लायवूड वाया.

प्लाय चांगल्या प्रतीचा, १८-१९ मिलिमीटरचा घ्या. सगळे सांधे हवाबंद करा. मागच्या कप्प्यातून बारीक फट राहिली तरी बास पडतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो तो वेगळाच.

वरच्या हॉर्नचा ड्रायव्हर क्रॉसओव्हरशिवाय थेट अँप्लिफायरला जोडू नका. त्याचा पडदा नाजूक असतो, खर्जाचा एक दणका बसला की फाटतो.

अँप्लिफायर हजार वॉटचा नको, शांत हवा. हॉर्न इतका संवेदनशील असतो की अँप्लिफायरची बारीकशी खरखरही खोलीभर ऐकू येते.

आणि शेवटचं, कानांचं. ज्याला आपण डॉल्बी म्हणतो त्या मिरवणुकीतल्या भिंतींमुळे हॉर्न म्हणजे दणदणाट असं समीकरण झालंय. पण रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज कानाला धोक्याचा मानतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. हॉर्न आवाज न वाढवताही तंबोऱ्याची तार वेगळी ऐकवतो. त्याचं खरं मोल तिथे आहे. गेलेला कान परत येत नाही.

अर्थात हॉर्न प्रत्येकाला आवडेलच असं नाही. काहींना त्याचा आवाज अंगावर येणारा वाटतो. दुमडलेल्या वाटेमुळे बास किंचित उशिरा पोचतो, यावरही शौकीन लोक भांडत असतात. म्हणून विकत घेण्याआधी किंवा प्लाय कापण्याआधी कुठेतरी तासभर बसून ऐका, हे बरं.

शेवटपर्यंत होप

१९८९ मध्ये क्लिप्श यांनी कंपनी आपल्या नात्यातल्या फ्रेड क्लिप्श यांच्याकडे सोपवली. मुख्य कार्यालय इंडियानापोलिसला आहे, पण क्लिप्शहॉर्नसारखी जुनी मॉडेल आजही होपमध्येच हाताने जोडली जातात. टेलिफोन एक्सचेंजच्या त्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

५ मे २००२ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, पॉल क्लिप्श गेले. होपमध्येच.

शस्त्रास्त्रं, भूगर्भ आणि ध्वनी, तिन्ही क्षेत्रांत त्यांच्या नावावर पेटंट आहेत. पण लोकांच्या लक्षात राहिला तो कोपरा. घरात सगळ्यात दुर्लक्षित जागा कुठली, तर कोपरा. झाडू नाहीतर छत्री ठेवायची. या माणसाने तिथेच वाद्यवृंद बसवला. आणि नकाशावर अमेरिकेच्या अशाच एका कोपऱ्यातल्या गावात बसून तो जगाला विकला.

चिंचोळीच्या शेडमध्ये आज रात्रपाळीला जाणाऱ्या एखाद्या पोराच्या डोक्यातही असं काहीतरी घोळत असेल. त्याला पुण्याला कधी जाणार हे विचारण्याआधी, इथेच काय बनवणार आहेस, हेही एकदा विचारून बघायला हरकत नाही.